केराबाईचं चूलबंद आवतण

टाळकरी, घटकाभर टाळ मांडीवर ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात आवरा. निरूपण झालं, आता गोष्ट. पण गोष्टीआधी एक सवाल आहे, आणि त्याचं उत्तर मला नाही, तुम्हाला द्यायचंय. तेव्हा मंडळी, ऐका नीट.

गावात निवडणूक झाली. एक जिंकला, एक हरला. गाव मधोमध चिरलं — अर्धं इकडं, अर्धं तिकडं. आता ते गाव पुन्हा एक करायचंय. तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं? जिंकलेल्यानं, का हरलेल्यानं?

बोला की! हां, त्या अंगानं आवाज आला, हरलेल्यानं. बरोबर! आणि या खांबाजवळची मंडळी म्हणतायत, जिंकलेल्यानं. तेही बरोबर. मी या गावचा नाही, पण एका सवालात मला कळलं, कोण कुणाकडचं आहे ते. हसू नका. मला आज या गावात जेवायची आवतणं दोन आलीत. त्यांचं काय करायचं ते शेवटी बघू.

तर सावळदरी नावाचं गाव. डोंगराच्या पायथ्याला, फार मोठं नाही, फार छोटंही नाही. त्या गावाची एक गोष्ट नावाजलेली होती — गावाची भांडी. गावानं वर्गणी काढून घेतलेली. दोन माणसं आत बसतील एवढाल्या कढया, पातेली, परातींची चळत, झारे, पळ्या, ओगराळी, सतरंज्या, सगळं. गावात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, भांडी देवळातून निघायची आणि घासून पुन्हा देवळात यायची. श्रीमंताच्या लेकीची लापशी ज्या कढईत, गरिबाच्या लेकीचीही त्याच कढईत. गावातल्या माणसाला भांडी भाड्यानं आणायची असतात हेच माहीत नव्हतं.

आणि मग आली निवडणूक. उभे कोण? एका बाजूला रंभाजी घुले, निशाणी छत्री. दुसऱ्या बाजूला त्रिंबकनाना लोखंडे, निशाणी कपबशी. रंभाजी नानांपेक्षा वयानं लहान, नानांच्याच हाताखाली शेतीतलं सगळं शिकलेला. पण प्रचार सुरू झाला आणि काय विचारता! छत्रीवाला कपबशीवाल्याच्या दुकानात जाईना. कपबशीवाल्याच्या घरी पाहुणे आले, तर बाई चहा पितळेच्या पेल्यातून देतेय. का हो काकू? तर म्हणे, कपबशीतून दिला की प्रचार केल्यासारखं दिसतं, आणि जावई पडले छत्रीवाले!

निकाल लागला. रंभाजी जिंकला. जिंकू दे की, कुणीतरी जिंकणारच. पण पुढं जे झालं ते ऐका. गुलालाची मिरवणूक निघाली. ढोल, ताशा, पोरं नाचतायत. मिरवणूक देवळावरून सरळ पुढं जायची, ती वळली. वळली आणि थेट नानांच्या दारात येऊन थांबली. आत नानांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. श्वास लागलेला. आणि बाहेर दारात ढोल, घटका नाही, चांगला तास. उंबऱ्यावर गुलालाचा थर. रंभाजी मधोमध, खांद्यावर घेतलेला, हात जोडून हसतोय. नाना दाराला आतून पाठ लावून उभे होते.

म्हातारी त्यानंतर काही महिन्यांनी गेली. ढोलानं गेली असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं. पण नानांच्या डोक्यातून तो ढोल गेला नाही.

आता दुसरी बाजू. वर्ष उलटलं आणि रंभाजीचे वडील वारले. आपल्यात रीत काय? मयताच्या घरची चूल पेटत नाही. मग शेजारपाजार, गाव, भाकरी बांधून नेतं. कडू घास म्हणतो आपण त्याला. दु:ख असलं तरी पोटाला लागतंच, आणि ते दुसऱ्यानं आणून भरवायचं असतं. तर त्या दिवशी नानांच्या आळीतून घुल्यांच्या घरी एक भाकरी गेली नाही. एकही नाही. रंभाजीची आई वाट बघत बसली. तिला भुकेची पडली नव्हती हो. ज्या आळीत तिनं चाळीस वर्षं हळदी-कुंकवाला पाय झिजवले, त्या आळीतून कोण येतंय ते ती बघत होती.

झालं. फाटायचं तेवढं फाटलं. मग सावळदरीच्या शहाण्या लोकांनी ठरवलं, वाटणी करू. कशाची? भांड्यांची! गावाची वाटणी होत नाही, मग निदान भांडी तरी वाटून घेऊ. बसले देवळात. आणि मंडळी, वाटणी अगदी न्यायानं झाली बरं का, कुणाला बोलायला जागा नाही. चिठ्ठ्या टाकल्या. कढया, पातेली छत्रीकडं. झारे, पळ्या, ओगराळी, झाकणं कपबशीकडं. मांडवाचे बांबू छत्रीकडं, सुतळी आणि कापड कपबशीकडं. भजनातला पखवाज इकडं आणि टाळ तिकडं. समसमान!

पुढची मजा बघा. छत्रीवाल्यांनी सत्यनारायण घातला. कढईत शिरा, पण हलवायचा कशानं? नवीन फावडं आणलं, धुतलं, आणि फावड्यानं शिरा हलवला. प्रसाद खाताना जो तो दाताखाली काय येतंय ते बघतोय. तिकडं कपबशीवाल्यांनी काल्याची पंगत केली. झारे चकचकीत, पण खाली कढई नाही. पाण्याचं पिंप कापून त्यात भात लावला. वरचा कच्चा, खालचा करपला, मधला देवाला! आणि दोन्हीकडची माणसं मिशीला तूप लावून सांगतायत, आमचं काही अडत नाही.

हसताय तुम्ही. हसा. पण ते गाव म्हणजे दुसरं कोण, याचा हसून झाल्यावर विचार करा.

आता आपल्या गोष्टीतली बाई येते. केराबाई ढोबळे. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच लेक, वैजयंता. गावानं हाक मारायची वैजू. केराबाईनं गावातल्या प्रत्येक लग्नात पापड लाटले, पुरण वाटलं, जात्यावर बसली. घरात माणूस नसेना का, गाव आहे, या हिशेबानं जगली. वैजूचं लग्न ठरलं. पोरगा चांगला, सासू जरा तिखट. तिथी धरली, आणि केराबाई गेली भांडी मागायला.

आधी छत्रीकडं. तिथं म्हणाले, "मावशी, कढया तुमच्याच आहेत. फक्त एवढं सांगा, मत कुणाला दिलंत?"

मग कपबशीकडं. तिथं म्हणाले, "झारे घेऊन जा की. पण लोक विचारतात, केराबाई नक्की कुणाकडची?"

केराबाईनं दोन्हीकडं एकच उत्तर दिलं. "मत मी पेटीत टाकलंय. ते परत काढून कुणाच्या ताटात वाढणार नाही." आणि उठून आली.

आता कुणी म्हणेल, महाराज, एवढं काय अडलं? तालुक्याला भांडी भाड्यानं मिळतात, ट्रॅक्टरला सांगितलं की दारात. मिळतात. वैजूच्या मामानं तेच सांगितलं. त्यावर केराबाई काय म्हणाली? "दादा, उद्या पोरगी सासरी विचारात पडेल, माझं लग्न गावानं लावलं का भाड्यानं? बाप नाही तिला. गाव पण नाही, असं सांगू का मी तिला?" आणि डोळ्याला पदर लावला.

मग केराबाईनं एक काम केलं. अक्षता घेतल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि गावात आवतण द्यायला निघाली. एक घर वगळलं नाही. छत्रीचं घर, कपबशीचं घर, कुणाचंच घर सोडलं नाही. आणि आवतण कसलं? चूलबंद. तुम्हाला माहीत आहे, पण या पुढच्या पोरांना सांगतो. चूलबंद आवतण म्हणजे घरातलं एक माणूस या, असं नाही. लहान-थोर, पाहुणारावळा, सगळ्यांनी या आणि त्या दिवशी घरची चूल पेटवू नका. गावच्या लेकीचं चूलबंद आवतण मोडायची रीत नाही. चूल पेटली तर धूर कौलांवर दिसतो, आणि सगळ्या गावाला कळतं, या घरानं गावच्या लेकीला नाकारलं.

दोन्ही गटांनी हसून अक्षता घेतल्या. छत्रीवाल्यांना वाटलं, बाईनं कपबशीकडून सोय केली असेल. कपबशीवाल्यांना वाटलं, छत्रीकडून केली असेल. आणि दोघांनाही राग आला. काय माणूस आहे बघा, द्यायचं नाही, पण दुसऱ्यानं दिलं तर राग!

लग्नाचा दिवस उजाडला. सावळदरीत एका घरावर धूर नाही. पोरं उपाशी, दुधावर ठेवलेली. लोक मांडवाकडं निघाले. बघतात तर काय? बांबू नाहीत, म्हणून मांडव म्हणजे दारातल्या लिंबाची सावली. जमिनीत लांबलचक चुलाण खणलेलं. लाकडं पेटलेली, जाळ चांगला फणफणलेला. शेजारी लापशीचा रवा, गूळ, तूप, डाळ, तांदूळ, वांगी चिरून ठेवलेली. आणि चुलाणावर काही नाही. रिकामा जाळ. त्याच्यापुढं केराबाई नवं लुगडं नेसून बसलीय, हात मांडीवर.

लोक दोन घोळक्यांत उभे राहिले. वऱ्हाड शेजारच्या गावात येऊन पोचल्याचा निरोप आला.

"मावशी, हे काय आरंभलंय?" कुणीतरी विचारलं.

"स्वयंपाक," केराबाई म्हणाली. "माझं होतं ते मी आणलं. गावाचं आहे ते गावानं आणावं."

कुजबुज सुरू झाली. छत्रीवाले म्हणतात, कढया आत्ता आणतो, पण आधी त्यांना झारे आणू देत. कपबशीवाले म्हणतात, झारे तयार आहेत, पण आधी कढई दिसू दे. म्हणजे आपला मघाचाच सवाल! जाळ पेटलाय, पोरं रडतायत, वऱ्हाड वाटेवर आहे, आणि पाऊल कुणी आधी टाकायचं याची चर्चा चाललीय. वैजू हळद लागल्या अंगानं खिडकीतून बघत होती. तिच्या मनात काय चाललं असेल? ज्या गावात जन्मले त्या गावातून मी अशी निघणार?

शेवटी रंभाजी पुढं आला. सरपंच माणूस, गावची अब्रू जाणार हे त्याला कळत होतं. म्हणाला, "मावशी, चूक झाली. कढया आणायला सांगतो."

आता केराबाईचं उत्तर ऐका, मी तर म्हणतो पाठ करा. ती म्हणाली, "रंभाजी, कढई मला नको अजून. कढई आणशील, लग्न लागेल, आणि उद्या कढई परत नेशील. तू आधी नानांच्या दारात जा. वाट तुझ्या ओळखीची आहे. त्या दिवशी ढोल घेऊन गेला होतास, आज मोकळ्या हातानं जा."

रंभाजीचा चेहरा उतरला. सगळ्यांसमोर बाईनं बोट ठेवलं, आणि बरोबर तिथंच ठेवलं. त्याच्या गटातली पोरं म्हणाली, "अण्णा, कशाला जाताय? आपण जिंकलोय." त्यानं पायातल्या चपला तिथंच काढल्या आणि चालायला लागला. मागून सगळं गाव.

नाना घरातच होते. चूल बंद ठेवली होती त्यांनी, पण लग्नाला आले नव्हते. दारात रंभाजी उभा. मंडळी, इथं जरा थांबतो. आपण माफी कशी मागतो? "काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा." असेल तर! म्हणजे मला तर काही आठवत नाही, तुम्हीच शोधा. ही माफी नव्हे, ही सुटका करून घेणं झालं. रंभाजी तसं बोलला नाही. तो म्हणाला, "नाना, म्हातारी आत कण्हत होती, मला ठाऊक होतं. पोरांनी वळवलं असं मी सगळीकडं सांगितलं, ते खोटं. वळा म्हणून मीच हात केला होता. जिंकलो होतो, आणि तुम्ही बघावं असं मला वाटत होतं."

आता वेळ नानांची होती, बरं का! समोरचा वाकलेला, गाव बघतंय, आता एक टोमणा मारला असता तर हरलेली निवडणूक तिथं जिंकली असती. हरलेल्या माणसाला हा मोह फार मोठा असतो. पण नानांनी उंबऱ्यावर बसून घेतलं. म्हणाले, "रंभा, तुझा बाप गेला त्या दिवशी माझ्या घरात भाकरी बांधून तयार होती. हिनं बांधली होती. चपला घालून निघाली होती दारातून. मीच म्हणालो, ठेव खाली." आणि नाना रडायला लागले. "तुझी आई वाट बघत होती, ते मला मागून कळलं. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरला नाही रे."

रंभाजी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. ज्या उंबऱ्यावर गुलालाचा थर पडला होता, तोच तो उंबरा.

तेवढ्यात आतून नानांच्या कारभारीण, यमुनाकाकू बाहेर आल्या. हातात पोतं. नाना म्हणाले, "अगं, ते झारे कुठं ठेवलेत?" काकू म्हणाल्या, "हे काय, सकाळीच घासून पोत्यात भरलेत. तुमचं दोघांचं रडणं झालं की निघू, असं ठरवून बसले होते." आणि तिकडं रंभाजीच्या घरी बघावं तर त्याच्या बायकोनं कढया चिंच लावून लख्ख करून अंगणात पालथ्या घातलेल्या. बायांनो, त्या दोघींनी एकमेकींना कधी निरोप दिला होता, ते गावातल्या एका पुरुषाला आजवर कळलेलं नाही!

मग काय धांदल उडाली. बांबू आले, कापड आलं, मांडव उभा. कढई चढली, झारा पडला. पण वऱ्हाड तर वेशीवर येऊन ठेपलं. दोन्ही गटांतले चार जाणते धावले आणि वाजंत्र्यांच्या कानात सांगितलं, बाबांनो, जेवढं सावकाश येता येईल तेवढं या. तालुक्यात इतकी हळू वरात कुणी पाहिली नव्हती. नवरदेव घोड्यावर पेंगायला लागला. सासू विचारतेय, "गाव आहे तरी केवढं, संपतच नाही?"

लग्न लागलं, पंगती बसल्या. छत्रीवाल्याच्या कढईतून कपबशीवाल्याच्या ओगराळ्यानं वरण वाढलं. कुणी कुणाला मिठ्या मारल्या नाहीत हो, तो सिनेमा नव्हता. कित्येक जण खाली मान घालून वाढत होते. "भात?" "घाला थोडा." दोन वर्षांनी एवढंच बोलणं. पण बोलणं झालं. वैजू सासरी निघाली तेव्हा पाठवणीला सगळं गाव होतं, आणि केराबाई मोकळेपणानं रडली.

संपली गोष्ट? नाही. इथं संपवतात ते लोक तुम्हाला फसवतात. कारण खरकटी भांडी घासून झाली आणि लगेच एक छत्रीवाला पोरगा म्हणाला, "चला, आता आमच्या कढया आमच्याकडं." बघा! लाजेनं एक दिवस निघतो, रडण्यानं आठवडा निघतो. वर्षं काढायची असतील तर रीत बदलावी लागते.

ते रंभाजीला कळलं. तो तिथंच म्हणाला, "कढया-झारे सगळं देवळात जाईल, एका खोलीत, एका कुलपात. गावचा कारभार माझ्याकडं आहे, म्हणून किल्ली नानांकडं राहील. पुढंही हीच रीत. जो जिंकेल त्याच्याकडं पंचायत, जो हरेल त्याच्याकडं भांड्यांची किल्ली. म्हणजे जिंकलेल्याला दर लग्नाला हरलेल्याच्या दारात जावं लागेल, आणि हरलेला गावातून वजा होणार नाही." नाना म्हणाले, "आणि गुलाल देवळापाशी थांबेल. आळीत शिरणार नाही." केराबाई म्हणाली, "आणि भांडी देताना मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही." तीन नियम. गावानं हात वर केले.

पुढची निवडणूक झाली. पुन्हा छत्री, पुन्हा कपबशी. प्रचारात तोंड सुटायचं ते सुटलंच, माणसंच ती. आणि या खेपेला रंभाजी हरला, नाना जिंकले. गुलाल देवळापाशी थांबला. नाना पुढं निघाले, एकटे, ढोल नाही, हार काढून ठेवलेला. रंभाजीच्या दारात गेले. रंभाजी आत खाटेवर पडून होता, हरलेला माणूस पडतो तसा. नानांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. म्हणाले, "ऊठ रंभा. उद्या पाटोळ्यांच्या घरी बारसं आहे. कढया काढून दे." रंभाजी उठला. हरल्याचं दु:ख करायला त्याला सवडच मिळाली नाही.

तर मंडळी, सवालाचं उत्तर सापडलं? पहिलं पाऊल जिंकलेल्यानं टाकायचं. कारभार त्याच्या हातात आहे, म्हणून त्यानं. आणि तो वाकला की हरलेल्यानं वर बसून मजा बघायची नाही, आपली बांधून ठेवलेली भाकरी काढायची. आणि दोघांनी मिळून रीत अशी बदलायची, की पुढच्या वेळी वाकायला आजच्यासारखं जड जाऊ नये. हे होतं. मी सांगतो, होतं. देवानं माणसाला त्याच्यासाठीच दोन हात दिलेत, एकात कढई धरायला, एकात झारा.

केराबाईनं मत कुणाला दिलं होतं? मला नाही माहीत. मी विचारलंही नाही.

आता माझं राहिलं. मघाशी म्हणालो, या गावात मला जेवायची दोन आवतणं आलीत. येताना बघितलंय मी. सप्ता एक, देऊळ एक, पण पंगती दोन. एक त्या शाळेच्या अंगानं, एक या पाराच्या अंगानं. दोन चुलाणी पेटलीत, दोन्हीकडचा वास मला इथवर येतोय. एकीकडं जेवलो तर दुसरीकडचा राग. म्हणून मी ठरवलंय. आज माझं चूलबंद आहे. दोन्हीकडची पातेली उचलून या मधल्या पटांगणात आणा. शाळेकडच्यांनी पाराकडच्यांना वाढा, पाराकडच्यांनी शाळेकडच्यांना. मी इथंच, या वीणेशेजारी बसून आहे.

घाई नाही. चर्चा करा, आधी कुणी उठायचं ते ठरवा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही, आणि मला साखरेचा त्रास आहे.

उठले! ते बघा, पाराकडून एक पातेलं निघालं. आणि तिकडून, अहो धरा कुणीतरी त्या म्हातारबाबांना, एकटे उचलतायत. टाळकरी, घ्या टाळ. मृदंगबुवा, पडू द्या थाप. नामाचा गजर त्यांची पातेली टेकेपर्यंत चालू ठेवायचा.